खाईन तर तुपाशी

यंदाच्या लग्नसराईत एक गोष्ट नजरेत भरली. वाढपी भाताचं भगुणं घेऊन पंगतीतून निघाला की मधूनच कुणीतरी ताटावर हात आडवा धरतो. "नको, बंद आहे." पूर्वी असा हात धरणारा माणूस म्हणजे हमखास शुगरचा पेशंट, साठीच्या पुढचा, चेहऱ्यावर जरा ओशाळेपण. आता हात धरतात ते पस्तिशी-चाळिशीतले, आणि चांगले ताठ मानेने धरतात. भात नको, पुरी नको, बुंदी नको. मग वाढपी पनीरच्या भाजीपाशी येतो तेव्हा मात्र, "जरा वरवरची द्या, तवंगाची." एका लग्नात आचाऱ्याने मला हळूच विचारलं, "ताई, ह्यांना झालंय काय? तेल चालतं अन् भात चालत नाही?"

मी लातूरला राहते. आडतीवरचे व्यापारी, क्लासचे सर, बँकेतले आमचे साहेब, कृषी सेवा केंद्रवाले अशा सगळ्यांत हे खूळ पसरलंय. खूळ म्हणताना जीभ जरा अडखळते, कारण यातल्या काहींचं पोट खरंच आत गेलेलं मी पाहिलंय. नावं वेगवेगळी आहेत. कुणी 'कीटो' म्हणतं, कुणी 'लो कार्ब', कुणी नुसतंच 'कार्ब बंद'. मतलब एकच: धान्य, साखर, बटाटा जवळजवळ सोडायचं आणि पोट भरायचं ते तूप, लोणी, पनीर, अंडी, मटण, सुकामेवा यांवर.

लातूरच्या जमिनीत हे बी चटकन रुजलं त्याला कारण आहे. मशागत आधीच झाली होती. डॉ. जगन्नाथ दीक्षित तेव्हा इथल्याच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात होते. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या भाषणातून सूत्र घेऊन त्यांनी दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत उरका, मध्ये काही खाऊ नका, असं सांगायला सुरुवात केली आणि बघता बघता ते घराघरात पोचलं. दीक्षितांचं म्हणणं वेगळं, त्यात तुपाचे गोळे खायला सांगितलेले नाहीत. पण त्या काळात 'इन्सुलिन' हा शब्द आमच्या पारावर आला, भाजी निवडणाऱ्या बायकांच्या तोंडी आला. खाल्लं की इन्सुलिन वाढतं, इन्सुलिन वाढलं की चरबी साठते, एवढं गणित लोकांना पाठ झालं. पुढचं पाऊल मग मोबाइलने टाकायला लावलं.

आणि दुसरं कारण उघड आहे. डाएट म्हटलं की काकडी, उकडलेला भोपळा आणि बायकोचं लक्ष, असं समजणाऱ्या पुरुषांना पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं की बाबा, मटण खा, अंडी खा, वरून तूप घे, वजन उतरेल. हे कोण नाकारेल! बायकांत हे एवढं दिसत नाही. चतुर्थी, गुरुवार, एकादशी धरणारीने कीटो कसा करावा? आमचं फराळाचं ताट म्हणजे साबुदाणा, बटाटा, रताळं, भगर. उपासाच्याच दिवशी सगळ्यात जास्त कार्ब पोटात जातात.

आमच्या घरात हे आलं ते धाकट्या भावजींबरोबर. त्यांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. दिवसभर गल्ल्यावर बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर चहा घ्यायचा, रात्री दहाला जेवायचं. चाळिशी ओलांडता ओलांडता शुगर निघाली. तेवढ्यात कुणा व्यापारी मित्राने कानमंत्र दिला, आणि एका सोमवारपासून भावजींनी भाकरी सोडली.

पहिल्या काही आठवड्यांत वजन असं झपाझप उतरलं की सगळं घर चाट पडलं. त्याचं गुपित मला नंतर वाचून कळलं. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक साठा असतो, ग्लायकोजेन. त्याच्या दर ग्रॅमला सुमारे 3 ग्रॅम पाणी चिकटून राहतं. कर्बोदकं, म्हणजेच कार्ब, बंद केली की हा साठा संपतो आणि पाणीही वाट धरतं. म्हणजे सुरुवातीचे किलो पुष्कळसे पाण्याचे. त्याच पाण्याबरोबर मीठ जातं, म्हणून डोकं दुखतं, पायात गोळे येतात, अंगात त्राण राहत नाही. भावजी चार दिवस दुकानात डोक्याला रुमाल बांधून बसले होते. पुढे शरीर चरबी जाळून कीटोन तयार करायला लागतं आणि श्वासाला एक वेगळाच वास येतो, जरा जास्त पिकलेल्या फळासारखा. माझ्या जावेने तोंड वाकडं करून पहिल्यांदा विचारलं ते, "तुम्ही काही प्यायलात का?"

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. शुगरच्या काही गोळ्या अंगातलं इन्सुलिन वाढवतात. ती गोळी किंवा इन्सुलिनचं इंजेक्शन चालू ठेवून भाकरी बंद केली तर साखर धाडकन खाली येते. आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या ज्या नव्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर काढतात, त्यांच्याबरोबर कडक कीटो केला तर रक्त आम्ल होऊ शकतं, तेही साखर फारशी वाढलेली नसताना. त्यामुळे ग्लुकोमीटर बघून सगळं ठीक आहे असं वाटत राहतं. भावजींच्या डॉक्टरांनी गोळ्या आधी बदलल्या, मग हो म्हटलं. पण किती जण डॉक्टरला विचारतात? दुकानात भावजींकडे बघून शुगरवाले चार शेतकरी तरी भाकरी सोडून बसले असतील. फवारणीचं औषध विचारायला आलेला माणूस जाताना आहाराचा सल्ला घेऊन जातो.

हा आहार काही परवाचा नाही. विल्यम बँटिंग नावाच्या लंडनच्या एका अंत्यसंस्कार व्यावसायिकाने 1863 साली स्वतःच्या लठ्ठपणावर एक पुस्तिका छापली. पाव, साखर, बिअर, बटाटे सोडल्यावर आपण कसे बारीक झालो, हे त्यात होतं. पुढे 1921 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी 'कीटोजेनिक' आहार सुचवला, तो वजनासाठी नव्हे तर फेफऱ्यासाठी. उपास केल्यावर फेफऱ्याचे झटके कमी होतात असं दिसत होतं, पण माणसाला किती दिवस उपाशी ठेवणार? म्हणून उपाशी राहिल्यासारखी शरीराची अवस्था करणारा, पण पोट भरणारा आहार. औषधांनी दाद न देणाऱ्या लहान मुलांच्या फेफऱ्यात तो आजही डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरतात. आमच्याकडे 'खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी' म्हणतात. वाइल्डरनी दोन्ही एकदमच साधलं.

मग 1972 मध्ये डॉ. रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांचं पुस्तक अमेरिकेत आलं आणि धान्य सोडून मांस-लोणी खाण्याची तिकडे लाट उठली. हे साल वाचलं आणि मी थबकलेच. आमच्याकडे 1972 म्हटलं की दुष्काळाशिवाय दुसरं काही आठवतच नाही. सासूबाई त्या वर्षी परकरी पोर होत्या, आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या. सुकडी मिळायची आणि रेशनवर लाल मिलो. तो अमेरिकेतून आलेला. त्याची भाकरी कशी लागायची असं विचारलं की सासूबाई अजून नाक मुरडतात. "मातीवाणी लागायची. पण ती बी दोघींत एक यायची." तिकडे धान्य सोडा म्हणून पुस्तकं खपत होती आणि तिकडचंच लाल धान्य इकडे रांगेत उभं राहून घ्यावं लागत होतं.

म्हणूनच की काय, धाकट्या लेकाने भाकरी सोडली हे सासूबाईंच्या पचनी पडत नाही. "काय करायलास रे असं? बिनभाकरीचं जेवण म्हणजे काय जेवण हाय का?" त्यांच्या लेखी भाजी, वरण, चटणी ही भाकरी घशाखाली उतरावी म्हणून असते. त्यात गैर काही नाही. ज्वारी शेतात पिकायची, बाकीचं विकत आणावं लागायचं. तेल करडईचं, तेही बेतानं. ज्वारीच्या कडेने करडईचे तास टाकायचे, काट्यामुळे जनावर आत शिरत नाही आणि घाण्यावरून वर्षाचं तेलही सुटतं. तूप सणाला. अशा ताटात भाकरी मधोमध राहणारच.

आता हिशोब बघा. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 72 ग्रॅम कर्बोदकं असतात. मध्यम भाकरीला 60-70 ग्रॅम पीठ लागतं. कडक कीटोत दिवसाला 20 ते 50 ग्रॅम कर्बोदकांची मुभा असते. म्हणजे एका भाकरीत अख्ख्या दिवसाचा कोटा संपला, वरणाचा घोट घ्यायचीही सोय राहिली नाही. 'ज्वारी शुगरला चांगली' म्हणून तीन-तीन भाकरी चेपणाऱ्यांनी हा आकडा तरी वाचावा. मला भाकरीचं प्रेम आहे, पण 'आजोबा भाकरी खाऊन नव्वद वर्षं जगले' हा युक्तिवाद मला पटत नाही. आजोबा नांगरामागे चालत होते. नातू अ‍ॅक्टिव्हावरून कोपऱ्यावरच्या दुकानात जातो.

आयसीएमआरच्या इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीतून 2025 मध्ये देशभरच्या खाण्याचं चित्र बाहेर आलं. भारतीय माणसाची सुमारे 62 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. आणि नुसतं भात-मैद्याच्या जागी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणून मधुमेहाचा धोका कमी होताना दिसला नाही; कर्बोदकांचा थोडा वाटा डाळ, दूध, अंडी, मासे यांतल्या प्रथिनांना दिला तेव्हा तो कमी दिसला. भाकरीची भक्ती करणाऱ्यांना हे झोंबेल. पण यातून भाकरी फेकून द्या असंही निघत नाही. तीनाची दीड करा आणि वाटी वरणाची मोठी घ्या, एवढंच निघतं. एवढ्या साध्या गोष्टीला मोबाइलवर कोण बघणार?

वजनाचं म्हणाल तर 2018 मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या चमूने 609 माणसांवर वर्षभर प्रयोग केला होता. अर्ध्यांना कमी चरबीचा आहार, अर्ध्यांना कमी कर्बोदकांचा, दोघांनाही चांगलं, घरचं, कमी प्रक्रिया केलेलं अन्न. वर्षाअखेरीस एका गटाचं वजन सरासरी 5.3 किलो उतरलं, दुसऱ्याचं 6. फरक लक्षात घेण्याजोगा नव्हता. आणि दोन्ही गटांत खूप उतरलेले होते तसे उलट वाढलेलेही होते. ज्याला जे झेपलं ते लागू पडलं.

झेपण्याचा प्रश्न आला की मला भावजींपेक्षा माझी जाऊ दिसते. भाकरीची आठवण जाईना म्हणून भावजींनी बदामाचं पीठ आणलं आणि त्याची भाकरी कर म्हणाले. ती पोरगी भाकरीत तरबेज. परातीत पीठ घेतलं, आधणाचं पाणी घातलं, मळायला गेली तर ते धरेचना. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतोच, पण उकळत्या पाण्याने त्यातला स्टार्च फुलतो आणि पिठाला विरी येते. बदामात फुलायला स्टार्चच नाही. मग कुठल्याशा व्हिडिओत बघून तिने त्यात इसबगोल घातला. दहा मिनिटं झाकून ठेवल्यावर गोळा झाला खरा. पण थापताना हाताला तेल सुटायला लागलं, पाण्याचा हात फिरवला तर वरचा थर निसटला, आणि तव्यावर टाकल्या टाकल्या खालून लाल झाली. पापुद्रा सुटायचं नाव नाही. भावजींनी ती अंड्याबरोबर खाल्ली. त्या एका भाकरीच्या पैशात किलोभर ज्वारी आली असती. शेजारच्या शेगडीवर तिने बाकीच्यांच्या भाकरी केल्या, मुलांचे डबे भरले, फ्लॉवर किसून त्याचा 'भात' केला, आणि हे सगळं आटोपून शाळेत शिकवायला गेली. कीटोमुळे बारीक झालेल्यांचे फोटो सगळे टाकतात. त्यांच्या घरी दोन शेगड्यांवर कोण उभं असतं, हे त्या फोटोत येत नाही.

येळवशीला सगळे शेतावर गेलो होतो. लातूर-धाराशिवकडची मार्गशीर्षातली ही अमावास्या दुसरीकडच्यांना ठाऊक नसते. त्या दिवशी शहरात रस्ते ओस पडतात. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, पाच पांडवांची पूजा मांडायची आणि मग जेवण. ते जेवण म्हणजे भज्जी: ओले हरभरे, तूर, वाटाणा, वाल, पालेभाज्या, गाजर, बेसन लावून घोटलेलं. बाजरीचे उंडे. तिळाची पोळी, गव्हाची खीर. आणि मातीच्या बिंदगीतलं आंबील, ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेलं. भावजींच्या हिशोबाने त्यातली एकही गोष्ट चालणारी नव्हती. त्यांनी डबा आणला होता, तुपावर परतलेलं पनीर आणि अंडी. येळवशीच्या दिवशी कोपीपासून लांब, आंब्याखाली, अंडी! सासूबाईंनी तिकडे पाठच केली.

आमच्या सालगड्याने बराच वेळ बघितलं आणि मग माझ्या जवळ येऊन विचारलं, "वहिनी, मालकाला पथ्य हाय का? मोठं काई निघालं न्हाई ना?" त्याला खरंच काळजी वाटत होती. धडधाकट माणूस सणाच्या दिवशी भज्जी सोडतो म्हणजे डॉक्टरांनी काही तरी वाईट सांगितलेलं असणार. भावजींनी त्याला कीटो समजावून सांगायला घेतला. कार्ब कशात, फॅट कशात, अंगात काय होतं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, चौथा उंडा भज्जीत कुस्करला आणि म्हणाला, "आमाला न्हाई जमायचं बगा. दोन वाजंपस्तोर खोरं चालवायचं असतंय." माझ्या मते त्या दिवशी शेतावर आहारशास्त्रातलं सगळ्यात नेमकं वाक्य तेच बोललं गेलं.

उन्हाळ्यात तुपाची टंचाई सुरू झाली. भावजींचं तूप वाढलेलं, सकाळी कॉफीतही चमचाभर. डेअरीच्या डब्यावर विश्वास नाही, खेड्यातलंच हवं. औशाकडच्या एक मावशी वर्षानुवर्षं आम्हाला तूप देतात, त्यांच्याकडे माणूस पाठवला तर निरोप आला, तूप नाही, म्हैस विकली. कारण विचारलं तर म्हणाल्या, कडब्याचं शेकड्याला काय मागतात ते विचारा आधी.

आता हे कोडं काही फार अवघड नाही. मराठवाड्यात रब्बीची ज्वारी माणसाच्या जेवढी, तेवढीच जनावराच्या पोटासाठी पेरायची. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेलं परभणी मोती हे वाण असो की जुनी मालदांडी, शेतकरी कणीस बघतो तसं ज्वारीचं ताटही, म्हणजे धांडा, बघतो: उंची किती, कडबा गोड आहे का. कणसं घरात, कडबा गंजीत, गंजीवर देवणी नाही तर लाल कंधारी गाय, आणि तिच्या दुधावर जे काही दूधदुभतं असेल ते. पुढे सोयाबीन आलं. लातूर तर त्याचं माहेरघरच झालं. पैसा आला, नाकारण्यात अर्थ नाही. शिवाय ज्वारी उपटायला, खुडायला माणूस मिळत नाही, पाखरं राखायला पोरं नाहीत. पण सोयाबीनच्या भुसकटाला जनावर नाइलाजाने तोंड लावतं. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी दावण रिकामी झाली. म्हशीच्या चौदा-पंधरा लिटर दुधातून किलोभर तूप निघतं, गाईचं दूध त्याहून जास्त लागतं. ते दूध यायचं कुठून?

नॉर्वेत असंच झालं होतं. 2011 च्या शेवटी ऐन नाताळाच्या तोंडावर त्या देशातलं लोणी संपलं. तिथेही कमी कर्ब, जास्त चरबीच्या आहाराची लाट आलेली, लोण्याचा खप एकदम वाढलेला, आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात पाऊस अति झाल्याने वैरण बिघडून दूध घटलेलं. बाहेरून आणावं तर आयातकर जबर. एक रशियन माणूस गाडीत 90 किलो लोणी घालून सीमा ओलांडताना पकडला गेला. मी ही हकिगत भावजींना वाचून दाखवली. त्यांना लोण्याच्या तस्करीचं हसू आलं. मला वैरणीचं वाक्य महत्त्वाचं वाटत होतं, पण ते त्यांच्याही डोक्यात कुठेतरी राहिलं असावं.

मधल्या काळात त्यांचे रिपोर्ट आले. तीन महिन्यांची शुगर चांगलीच खाली, वजन खाली, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, मात्र वर. डॉक्टरांनी तूप-लोण्याला जरा आवर घालायला सांगितलंय आणि शेंगदाणे, तीळ, जवस, कारळ यांकडे वळा म्हटलंय. सासूबाईंना हे ऐकून अतोनात समाधान झालं, कारण जवसाची आणि कारळाची चटणी त्या लग्न होऊन आल्यापासून कुटतायत आणि त्यासाठी त्यांनी कधी कुणाकडून फी घेतलेली नाही. भावजी चटणी खातात आता. वाटीने खातात. भाकरी अजून बंदच आहे.

भाद्रपदात शेताचं ठरवायला सगळे बसलो. दरवर्षी यांचं आणि भावजींचं त्यावरून वाजतं. या खेपेला भावजी आधीच ठरवून आले होते. सोयाबीन निघालं की विहिरीकडचा तुकडा हरभऱ्याला द्यायचा नाही, तिथे ज्वारी टाकायची. मालदांडी, ताट उंच येणारी. उदगीरकडे एका ओळखीच्या माणसाकडे देवणी गाय बघून ठेवलीय, दुसऱ्या वेताची. गड्याशी बोलणं झालंय. सासूबाईंनी चश्मा काढला. ज्वारी घरात परत येणार म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा काही उजळला की विचारू नका. "अन् भाकरी खाणार हाईस का मग तू?"

"छे," भावजी म्हणाले. "ज्वारी तुम्ही खा की. मला कडबा पाहिजे."